पदर नसलेली

मानोऱ्याचा बाजार उठत आला तेव्हा
झमलीबाई राठोडनं माझ्या गादीवर चिंधीची गाठ सोडली.
आत तीन कलदार रुपये, एक तुटका वाळा,
आणि हे.

मी आधी वजन केलं. सवय.
अठ्ठावीस ग्रॅम, वर कडीचं थोडं.
दगडावर घासायला हात नेला आणि थांबलो.
त्यावर एक बाई होती,
भरली हनुवटी, केसांत हिऱ्यांची पट्टी,
डोकं उघडं.

अशा बाया आमच्या दुकानाला नव्या नाहीत.
आजोबांच्या वहीत त्यांचं नाव ‘राणी परदेशी’.
किती आटवल्या, किती वाळे ओतले, सगळं लिहिलेलं.
पण त्या साऱ्यांच्या डोक्यावर पदर.

नागपूरच्या भागडीकरांना फोटो पाठवला.
ते नाणी जमवतात, एरवी दोन दोन दिवस उत्तर देत नाहीत.
लगेच फोन. आवाज बारीक झालेला.
“साल वाचा. सतराशे त्रेसष्ट? पुन्हा वाचा.”

मग त्यांनी सांगितलं ते असं :
नवरा गेला त्यानंतर राणीनं पदर घेतला,
आणि टांकसाळीनंही.
पुढं सतराशे ऐंशीत राणी गेली, साचा मात्र राहिला.
तांबड्या समुद्राकाठचे कॉफीवाले
दुसरं नाणं हातात धरीनात,
म्हणून तेच साल, तोच पदर, पिढ्यान् पिढ्या छापत राहिले.
व्यापाऱ्यांनी तिला मरू दिलं नाही
आणि विधवापणातून उठूही दिलं नाही.
(हे शेवटचं माझं. भागडीकर एवढं बोलत नाहीत.)

जहाज, मोखा, सुरत,
सुरतेला त्यांचं पुस्तक संपतं.
तिथून झमलीबाईचं सुरू होतं :
“आमचे म्हातारे मीठ वाहत, बैलाच्या पाठीवर.
कोन्या हिशेबात उरलं असन.”

कडेवर अक्षरं आहेत, भिंगातून दिसतात.
न्याय आणि दया, असा अर्थ म्हणे.
तांड्यात ती बाजू कुणी पाहिली नसणार,
ती गळ्याला घासत राहिली.

“हे बाई कोन व्हय?”
मी सांगितलं. पदराचंही सांगितलं.
सांगायला नको होतं कदाचित;
थावरा माघात गेला,
केसांतली घुगरी तिनं तेव्हाच उतरवलेली.
“म्हंजे याच्यात इचा घरवाला जित्ता हाय?”
“हो. या साली होता.”
तिनं राणीच्या गालावर अंगठा ठेवला,
ताप पाहावा तसा.
“मंग इले अजून मालूमच नाई.”

फोन चालूच होता.
“कडी नाही ना लावलेली?” भागडीकर.
आहे, म्हटलं.
पलीकडं कुणी दार लोटावं तसा श्वास.
निम्मी किंमत तिथंच गेली.

ती कडी आमच्याच भट्टीतली.
बाबा डाखेत पितळ जास्त घालायचे, मी रंगावरून ओळखतो.
लग्नाच्या आठवड्यात थावरानं लावून घेतली होती,
तासभर उकिडवा बसून होता म्हणे,
चांदी बदलली जाईल म्हणून नजर न हलवता.

“काप,” झमलीबाई म्हणाली.
“कडी मले दे. राणी जाऊ दे तिकडं.”
पैसे कशाला हवेत ते मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.

कानस लावली. कडी सुटली.
राणीच्या माथ्यावर डाखेचा डाग राहिला,
पुसता पुसता पसरलेला.

तिनं कडी चिंधीत घेतली, गाठ मारली.
“हे किती भरते?”
“गुंजभर. काहीच नाही त्याचं.”
“बरं हाय,” ती म्हणाली, “कोनी मांगनार नाई.”

दारव्ह्याच्या गाडीला तिनं हात केला.
मी पाकीट चिकटवलं, वर लिहिलं :
नाणं एक.
कडी नाही.